बसून दाखवा

आमचे साळवीसर नवीन बांधलेल्या प्रत्येक संडासात स्वतः जातात, आतून कडी लावतात आणि बसतात. चांगली दहा-पंधरा मिनिटं! बाहेर कंत्राटदार, प्लंबर, आम्ही ऑफिसची माणसं आणि कधी कधी खुद्द देणगीदार उन्हात ताटकळत उभे. मधूनच आतून आवाज येतो, "नळ गळतोय!" की पुन्हा शांतता.

मी दिल्लीतल्या द्वारका भागातल्या एका संस्थेत काम करते. वस्त्यांमध्ये आम्ही पाण्याच्या टाक्या आणि शौचालयं बांधून देतो. देणग्या मिळवायच्या मी, बांधकाम पुरं करायचं सरांनी, म्हणजे भांडण ठरलेलंच. पुण्यात एमबीए करून मी दिल्लीला आले ती काय या माणसाच्या दाराबाहेर उभं राहून "सर, झालं का?" विचारायला? आईनं फोनवर "आज ऑफिसात काय केलंस?" म्हटलं की काय सांगायचं हा प्रश्नच असतो.

सर जन्मापासून दिल्लीत. मराठी बोलतात, पण वाक्याला एक तरी 'बिल्कुल' हवाच. कंत्राटदार म्हणाला, "सरजी, काम फायनल," की हे चष्मा कपाळावर चढवणार. "अच्छा? बैठ के दिखाओ." समोर मराठी माणूस असला तर "बसून दाखवा." एकदा तपासणीला आलेल्या एका टायवाल्या इंजिनिअरलाही त्यांनी बसवलं. तो गुडघा चोळत बाहेर आला, कारण दार आत उघडत होतं आणि आत गुडघ्यांना जागाच नव्हती. दार काढून पुन्हा बसवलं आणि माझा रिपोर्ट महिनाभर लोंबकळला. काम पुरं झाल्याच्या कागदावर सर सही करेनात आणि सहीशिवाय देणगीदार पुढच्या वस्तीचं नावही घेईनात. रोज फोनवर शिव्या कोण खाणार? मी!

दिल्लीजवळच्या मानेसरला तर त्यांनी कहर केला. कारखान्यांत राबणाऱ्या बायका भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्या गल्लीत आम्ही बायकांसाठी शौचालय बांधलं होतं. तोवर त्या अंधार पडायची वाट बघायच्या आणि मागच्या रिकाम्या प्लॉटवर जायच्या. उद्घाटनाला देणगी देणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब आले. फीत, हार, फोटोग्राफर, समोसे, सगळं तयार. आणि सर आत, कडी लावून!

"सर, प्लीज बाहेर या," मी दार ठोठावत, दातओठ खात म्हटलं.

दार उघडलं. "फीत बिल्कुल कापायची नाही. काम अधुरं आहे."

"आता काय अधुरं आहे? टाइल्स आहेत, पाणी आहे, दिवा आहे!"

"बेटा, तू बसून दाखव."

माझं डोकंच फिरलं. एवढ्या लोकांसमोर मला? पण रागाच्या भरात गेले, धाडकन दार लावलं आणि बसले. वर पाहिलं तर भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हवेसाठी चांगली रुंद फट ठेवलेली. फटीतून शेजारच्या इमारतीचा जिना दिसत होता. जिन्यावर एक माणूस विडी ओढत उभा होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता.

मी बाहेर आले ती अंगाची लाही लाही होऊनच. नकाशा काढणारे पुरुष, पास करणारे पुरुष, बांधणारे पुरुष. आत बसलेल्या बाईला काय दिसतं, आणि ती कुणाला दिसते, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

साहेब हसून म्हणाले, "मॅडम, छोटी सी बात है. नेक्स्ट फेज में देख लेंगे. आज फोटो हो जाए."

"सर, ये बात आप अंदर बैठ के बोलिए!" मी साहेबांवर ओरडले.

साहेब गाडीत बसून निघून गेले. समोसे गल्लीतल्या पोरांनी संपवले. कंपनीनं देणगीच्या यादीतून आमचं नाव काढून टाकलं आणि मी नव्यानं दारोदार फिरायला लागले. पण यावेळी सरांवर चिडायला मन होईना.

फटीला तिरप्या पट्ट्या बसल्या, तेव्हा सर पुन्हा तपासायला आले. पण एकटे नाही, बायकोला घेऊन! साळवीकाकूंना मी पहिल्यांदाच बघत होते. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, अगदी बारीक, मनगटावर डायलिसिसची पट्टी. सरांनी त्यांना हात धरून दारापर्यंत नेलं, मग दाराकडे पाठ करून उभे राहिले आणि तिकडे फिरकणाऱ्या प्रत्येकाला हाकलत राहिले.

"छान आहे हो. कुणी दिसत नाही," काकू बाहेर येऊन म्हणाल्या. सरांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मुकाट सही केली.

ऊन मी म्हणत होतं. मी काकूंपुढे पाण्याची बाटली धरली.

"नको ग. मला आता पाणी मोजून मिळतं." त्या हसल्या. "आमच्या शाळेत बायकांसाठी वेगळी सोय नव्हती. एक होती ती सगळ्यांची, आणि तिचं दार नीट लागायचं नाही. मग मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, म्हणजे जायला नको. नोकरी संपेपर्यंत तसंच. सारखं इन्फेक्शन, औषधं, शेवटी किडन्याच गेल्या."

"सरांना सांगितलं नाहीत?"

"हे दिवसभर लोकांचे संडास बांधून दमून यायचे. घरात पुन्हा तेच काय बोलायचं? मी शाळेतून आले की उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायचे. ह्यांना वाटायचं, दिल्लीचा उन्हाळा."

सर दोन पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते गर्रकन वळले आणि वरच्या पट्ट्या हलतायत म्हणून प्लंबरवर जोरजोरात ओरडायला लागले. पट्ट्या घट्ट होत्या. प्लंबर बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मीही सरांना अडवलं नाही.