सुमनताई आणि आतली मंडळी

सुमनताईंकडे एका वेळी एकच माणूस यायचा, पण खोलीत खुर्च्या होत्या सात. साताऱ्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली, तेव्हा मला वाटलं, शिकवणी घेणार असतील. मग दारावर पाटी लागली, 'समुपदेशन'.

"एवढ्या खुर्च्या कशाला ताई?"

"माणूस एकटा कुठं येतो भाऊ? आत सगळी मंडळी असतात. एक रागीट, एक भित्रं, एक सारखं कामाला जुंपणारं. कोपऱ्यात कुणीतरी दुखावलेलं असतं आणि बाकीचे त्याला झाकायला धडपडतात. एकेकाला खुर्ची दिली की बोलतात."

मी मान हलवली आणि घरी जाऊन बायकोला म्हणालो, भाडेकरूची आधी जरा चौकशी करायला हवी होती.

ताई मूळच्या कडेगावच्या. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून राबल्या आणि निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन हे शिकून आल्या. "आत वाईट कुणीच नसतं. प्रत्येकाला कसली तरी ड्युटी लागलेली असते," हे त्यांचं पालुपद. मंडईत त्या दोडक्यासमोर पाच मिनिटं उभ्या राहायच्या. "एकीला दोडका हवाय, एकीला नकोय. दोघींचं ऐकून घेते," असं भाजीवालीला सांगायच्या. मागची रांग शिव्या घालायची. एकदा एक रिक्षावाला त्यांच्यावर खेकसला. ताईंनी वाकून मऊ आवाजात विचारलं, "हा राग कुणाची राखण करतोय?"

"माज्या ब्रेकची," तो म्हणाला. "आधी बाजूला व्हा."

तर अशा बाईकडे मी बापूदादाला नेलं. बापूदादा म्हणजे माझा मावसभाऊ, पलूसचा, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. त्याला उशीर सहन व्हायचा नाही. चहाला पाच मिनिटं उशीर झाला तर कप भिरकावायचा. पुतणीच्या लग्नात मुहूर्त टळला, तर मांडवातल्या माइकवरून त्यानं नवरदेवालाच झापलं. शेवटी सून माहेरी निघून गेली, तेव्हा मी त्याला साताऱ्याला आणलं.

"ह्यो माज्यासंगं बसंल, तरच मी बसनार," त्यानं ताईंना बजावलं. म्हणून मी साक्षीदार. पुढं त्यानं स्वतःच अख्ख्या पलूसला हे सांगितलं, म्हणून इथं सांगायला हरकत नाही.

"राग आला की अंगात कुठं कळतं?" ताईंनी विचारलं.

"हितं. छातीत."

"त्याला समोरच्या खुर्चीवर बसवा."

बापूदादानं रिकाम्या खुर्चीकडं बराच वेळ पाहिलं. "बसत न्हाई त्यो. हुबा हाय."

"राहू दे उभा. त्याला विचारा, तू चिडला नाहीस तर काय होईल?"

बापूदादा हसला. मग हसू मावळलं. "आय जाईल, म्हनतोय."

त्याची आई गेली तेव्हा तो सीमेवर होता. आजारपणाची तार उशिरा मिळाली, रजा उशिरा मिळाली, आणि तो पलूसला पोचला तो भावांनी आईला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी तो रडला नाही. 'थांबला का न्हाई?' म्हणून भावांच्या अंगावर धावून गेला.

"त्या रागाच्या लेखी तुम्ही आज किती वर्षांचे आहात?" ताईंनी विचारलं.

"बावीस."

"सदुसष्ट झाली म्हणून सांगा त्याला."

बापूदादाचे ओठ हलले. "त्याला ठावंच न्हवतं," तो म्हणाला आणि तोंडावर रुमाल धरून रडायला लागला. मला कुठं बघावं कळेना.

"रडा सावकाश. हितं कसली घाई न्हाई," ताई म्हणाल्या. त्यांची कडेगावची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

बापूदादा वर्षभर येत राहिला. सून परत आली. हल्ली चहाला उशीर झाला की तो ओसरीवर जाऊन छातीवर हात ठेवून पुटपुटतो आणि ती आतून हसते.

त्यानंतर एका रविवारी ताई दुकानात आल्या. "भाऊ, सांगलीला सोबत याल का? एकटीचं पाऊल उचलत नाही."

एसटीत त्यांनी थोडक्यात सांगितलं. सांगलीत त्यांचा थोरला भाऊ राहायचा. ताईंनी नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा हातात पिशवी घेऊन त्या त्याच्या दारात गेल्या होत्या. 'आल्या वाटेनं परत जा,' म्हणून त्यानं दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं नव्हतं. आता त्याला लकवा झाला होता.

भाऊ खाटेवर पडून होता. ताईंना पाहून त्याचं तोंड वाकडं झालं, घशातून नुसता आवाज आला, डोळे वाहू लागले. आता ताई काहीतरी विचारतील, म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्याचा हात मांडीवर घेतला आणि पर्समधून नेलकटर काढून एकेक नख कापलं. "गप रं दादा. हालू नगंस, लागंल," एवढंच त्या बोलल्या. दोन्ही हात झाले, मग पाय.

परत येताना कराडला गाडी थांबली. मी चहा आणला. ताईंनी कप हातात धरून ठेवला.

"इतकी वर्षं मनाशी धरलं होतं, त्यानं माफी मागितल्याशिवाय जायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता त्याला मागताच येत नाही."

कंडक्टरनं बेल दिली. ताईंनी चहा घाईघाईनं संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीकडं बघत म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी एकटी जाईन."