देवाआधीचं ताट

"चंपाषष्ठीना भरीतनं पहिलं ताट नागूबायले. देव मंग जेवी."

जीव जाता जाता लोटननानांनी सुंदरबाईला एवढंच बजावलं होतं. बायकोनं शब्द तर दिला, पण जीव खाली-वर झाला. सोमवार, एकादशी, चातुर्मास, काहीही न चुकवणारी बाई ती. खंडोबाच्या नैवेद्याआधी माणसाचं ताट? पण अलिबागेकडे समुद्राकाठी शेठच्या बंगल्यावर नाना राखणदार होते, तिथं तापानं फणफणले, तेव्हा शेठचं स्वयंपाकघर कुलपात होतं आणि कोळीवाड्यातली म्हातारी नागूबाय रोज पेज घेऊन येत होती. नानांनी तिला आपल्याकडचं भरीत कबूल केलं आणि ते राहूनच गेलं. आता ते ताट पोचेपर्यंत सुंदरबाईनं वांगं सोडलं होतं.

चंपाषष्ठीच्या सकाळी ती खानदेशातल्या नरडाण्याहून त्या बंगल्यावर पोचली. पिशवीत हिरवी वांगी, काखेत कपाशीच्या काड्यांचा भारा. गॅसवर भाजलं तर ते भरीतच नव्हे, हे तिचं एसटीतल्या सगळ्यांना, कुणी न विचारता, हळू आवाजात समजावून झालं होतं.

नवा राखणदार अमृत पिंपळनेरचा, म्हणजे तिच्या माहेरच्या अंगाचा. त्यानं छाती ठोकून सांगितलं, की अक्का, ही मोठ्यांची वस्ती उन्हाळ्यातच भरते, एरवी इथं कुत्रंही फिरकत नाही. खुशाल पेटवा.

तिनं मागच्या हिरवळीवर जाळ केला. कपाशीची काडी ती, खंडेरायाच्या दिवटीसारखी भडकली. धूर थेट शेजारच्या गच्चीवर गेला. तिथं नेमकं त्या दिवशी कुत्रं फिरकलं होतं, आणि त्याची दोरी धरून एक मॅडमही. त्यांनी फोन लावला. वस्तीचे पहारेकरी आग विझवायची लाल नळकांडी घेऊन धावले आणि अमृत "भरीत शे, भरीत शे" म्हणेपर्यंत त्यांनी पांढरी भुकटी अशी उडवली, की वांगी, अमृत, सुंदरबाई, सगळीच गिरणीतून दळून निघाल्यासारखी दिसू लागली.

मॅडम मनानं चांगल्या. खाली येऊन त्यांनी माफी मागितली, आंटी, मी भरीत मागवून देते म्हणाल्या, आणि मोबाइलमध्ये शोधायला लागल्या.

तेवढ्यात कोळीवाड्याकडून एक वाकलेली म्हातारी पाणी सांडत, बादली ओढत आली.

"लोटनचा बंगला पेटला का गो?"

सुंदरबाईला तिची ओळख विचारावी लागली नाही. शेठच्या बंगल्याला लोटनचा म्हणणारी दुसरी कोण असणार? नाना गेल्याचं तिनं सांगितलं, आणि गालांवरच्या भुकटीत दोन रेघा उमटल्या. नागूबाय बादलीशेजारीच बसली. मग भुकटीतलं एक वांगं उचलून लुगड्याला पुसू लागली. सुंदरबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, अक्का. हाई खावानं नही."

"मंग पुढचे वर्षाला दे," म्हातारी म्हणाली. बादलीच्या कडेला धरून उठताना ती दोनदा खाली बसली, आणि पुढचं वर्ष दोघींनाही फार लांब दिसलं.

मॅडमना अजून भरीत सापडलं नव्हतं. सुंदरबाईनं पदर झटकला, रिकाम्या पिशवीची घडी केली, आणि तडक स्टँड गाठला. परतीच्या गाडीवर कंडक्टर सकाळचाच निघाला. त्यानं विचारलं, आत्ताच तर आलात ना, मावशी?

"हो भाऊ," ती हळूच म्हणाली. "वांगी आणायची राहिली. परत येतेच."