गोदावरीच्या बारा काचा

काच स्वच्छ असावी, एवढंच माझं म्हणणं होतं. (पुढं जे झालं त्यात माझा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवतो.)

साल चौतीस. नाशकातल्या एका शाळेत मी चार वर्षं हंगामी भूगोल शिक्षक होतो. सोमवारी इन्स्पेक्टरसाहेब माझा तास बघणार आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरवणार. हेडमास्तरांनी खात्याकडून मॅजिक लँटर्न, म्हणजे भिंतीवर चित्रं पाडायचा दिवा, मागवला. सोबत गोदावरीच्या बारा स्लाइडी, उगमापासून थेट समुद्रापर्यंत. "मास्तर, जपून," एवढंच ते म्हणाले.

रविवारी घरी पेटी उघडली. प्रत्येक स्लाइड म्हणजे दोन काचा, कडेनं कागदी पट्टी आणि आत नुसती काजळी! सरकारी गलथानपणा बघून माझं टाळकंच सरकलं. पट्ट्या सोडवल्या, कोमट पाणी घेतलं आणि कंदिलाची काच घासतात तशी राखेनं एकेक काच घासायला बसलो.

"अहो, रंग जातोय त्यांचा," आमची ही, म्हणजे मालिनी, म्हणाली.

"रंग नव्हे, मळ. तुला यातलं काय कळतंय?"

तिनं एक काच डोळ्यांपुढं धरली. "समोरच्या लंकाबाई पापड वाळत घालतायत. अगदी स्पष्ट दिसतायत."

"दिसायलाच हव्यात!" मी छाती फुगवून म्हणालो.

सोमवारी खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या. गोरक्ष शिपायानं भिंतीवर चादर ताणली. साहेब मागच्या बाकावर बसले. मी पहिली काच सरकवली. चादरीवर पांढराशुभ्र चौकोन! दुसरी सरकवली. तोच चौकोन. तेव्हा कुठं उमगलं, की काजळी म्हणून मी चित्रंच धुऊन टाकली होती. चार वर्षांची नोकरी डोळ्यांपुढं उभी राहिली. (चादरीवर तर तेवढंही नव्हतं.)

पण माघार घेणार नाही, म्हटलं. छडी उचलली.

"हा ब्रह्मगिरी. धुकं जरा दाट आहे. दिसला?"

"दिसला, गुरुजी!" चाळीस पोरं एका सुरात ओरडली. (साहेबांपुढं 'नाही' म्हणायचं नाही, हे मी आठवडाभर घोकून घेतलं होतं.)

मग त्र्यंबकेश्वर दाखवलं, पैठणचा घाट दाखवला, राजमहेंद्रीचा पूर दाखवला. घाम पुसत पुसत, पण एकही गाव न गाळता, समुद्र गाठला.

साहेबांनी सलाउद्दीनला उभं केलं. "काय दिसतंय रे?"

"पानी, साहेब."

"आणि काठ?"

"काठ नाय दिसत, साहेब. लय मोठं पानी हाय!"

साहेब तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. खोकला असावा.

आठवड्यानं हुकूम आला. मी मोठ्यानं वाचायला लागलो, "सदर शिक्षकाच्या ताब्यात यापुढे काचेची कोणतीही वस्तू देऊ नये..."

मालिनीनं पुढं होऊन माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "द्या इकडे. सरकारी हुकूम आहे."

पुढं मला कायम केल्याचं लिहिलंय, असं ती म्हणते. मी अजून स्वतः वाचलेलं नाही.