टेम्पोखालची मुलाखत

धुळ्याच्या नासीरभाईंना लोखंडी पत्र्याचा कूलर डोळे मिटून बनवता यायचा, पण अनोळखी माणसासमोर दोन वाक्यं बोलायची म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं खातं त्यांच्या बायकोकडे, सलीमाकडे होतं. आणि आता जळगावला जाऊन पत्रकारांसमोर बोलायचं होतं ते नेमकं नासीरभाईंनाच.

दोन उन्हाळ्यांपासून कंपन्यांच्या प्लॅस्टिकच्या कूलरांनी बाजार व्यापला होता. यंदा मे उजाडला तरी नासीरभाईंचे निम्मे कूलर गोदामातच उभे. कारागीर दुसरीकडे काम शोधायला लागले होते. अशात जळगावच्या एका व्यापारी मंडळाने उद्योजक आणि पत्रकारांची भेट घडवायचं ठरवलं. एकेका टेबलावर एकेक पत्रकार बसणार, उद्योजकाने आपली माहिती सांगायची, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं. मंडळाचे अध्यक्ष गिरधरशेठ यांनी बजावून ठेवलं होतं, एका धंद्यामागे एकच माणूस आत येईल. धंदा नासीरभाईंच्या नावावर होता.

सलीमाने त्यांच्याकडून चार वाक्यं घोकून घेतली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या क्लबाचा मोठा कूलर पोचवायचाच होता; तोही टेम्पोत चढवला, म्हणजे एका खेपेत दोन कामं. पारोळ्यापर्यंत वाक्यं तोंडपाठ होती. एरंडोल मागे पडलं तशी एकेक गळायला लागली.

हॉलमध्ये आधी शाली झाल्या, मग भाषणं झाली, मग भरीत-पुरी झाली. पत्रकार जांभया देत टेबलांवर बसले आणि पहिली घंटा वाजली. नासीरभाईंच्या वाट्याला आल्या इंदिराबाई, चष्म्यावरून रोखून बघणाऱ्या, केस पांढरे झालेल्या जुन्या बातमीदार.

"मी धुळ्याचा कूलर आहे," नासीरभाई म्हणाले. "नासीरला बनवतो."

इंदिराबाईंनी पेन थांबवलं. "नक्की कोण कोणाला बनवतंय?"

दुसऱ्या टेबलावर नासीरभाईंनी फक्त नाव सांगितलं. तिसऱ्यावर समोरच्या पत्रकाराचं पाणी पिऊन टाकलं. चौथी घंटा वाजली तेव्हा ते हॉलबाहेर होते.

सलीमा व्हरांड्यात बसली होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती सरळ टेम्पोत जाऊन बसली. नासीरभाईंनी गाडी अशी काढली, जणू मागे पोलीस लागलेत. गेटात वळताना गिअर अडकला, खाली काहीतरी खाडकन वाजलं आणि टेम्पो दोन खांबांच्या मधे अडून बसला. ना पुढे, ना मागे.

नेमका त्याच वेळी हॉलमध्ये हळदीचा कार्यक्रम लागायचा होता. मंडळाला हॉल रिकामा करून द्यावा लागला. सगळी सभा आवारात आली. पत्रकारांच्या मोटरसायकली आत, बाहेर जायची वाट एकच, आणि तिच्यात टेम्पो. जळगावचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन. सावली म्हणाल तर एका लिंबाखाली, तीही चार माणसांपुरती.

गेटवरचा राखणदार लोटन, सगळे पत्रकार आतच अडकले म्हणून, धावत आला. "भाऊ, बठ्ठा पत्रकार मझारच शेतस. आते कसं व्हई?"

पाठोपाठ गिरधरशेठ गर्दीतून वाट काढत निघाले, टेम्पो कोणाचा म्हणून विचारत. तो आवाज ऐकला आणि नासीरभाई पाना घेऊन टेम्पोखाली शिरले. दुरुस्तीला शिरले की लपायला, ते सलीमालाही कळलं नाही.

तिला मात्र समोर घाम पुसणारी माणसं दिसत होती. टेम्पोची मागची बाजू आवाराकडेच होती. तिने मागचा फाळका पाडला, कूलरवरची ताडपत्री ओढली, लोटनच्या खोलीतून वायर घेतली आणि त्याच्याकडून चार बादल्या पाणी ओतून घेतलं. पंखा घरघरला. ओल्या वाळ्याच्या वासाची गार झुळूक आवारात शिरली, तशी माणसं न बोलावता टेम्पोकडे सरकली. इंदिराबाई सगळ्यांत पुढे. त्यांनी पदर सैल केला, डोळे मिटले आणि हा कूलर कोणत्या कंपनीचा म्हणून विचारलं.

सलीमा तोंड उघडणार, एवढ्यात खालून आवाज आला. "कंपनीचा नाही बाई, आमचा आहे. कंपनीचा असता तर आतापर्यंत अंगाला चिकचिक झाली असती."

समोर कोणाचे डोळे नव्हते. होत्या फक्त चपला आणि बूट. नासीरभाईंची जीभ मोकळी झाली. प्लॅस्टिक आपल्या उन्हात का तडकतं, त्याचा सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत पाऊस कसा लागतो, आणि पत्र्याचा कूलर गावचा कोणीही फिटर कसा उघडून बसवतो, हे त्यांनी सांगितलं. सोनगीरच्या एका दवाखान्यात त्यांच्या वडिलांनी बनवलेला कूलर अजून चालतो, हेही सांगितलं. पत्रकार उकिडवे बसले. मोबाइल धरलेले हात टेम्पोखाली गेले. इंदिराबाईंनी बादली उपडी घालून बैठक मारली. गिरधरशेठ ओरडायला आले होते, तेही वाकून ऐकायला लागले.

"मग अडतंय कुठे?" इंदिराबाईंनी विचारलं.

"कूलर गोदामात उभा राहून कोणाला गार करत नाही बाई," खालून उत्तर आलं. "त्याला घरी न्यावं लागतं."

पोटभर बोलून झाल्यावर नासीरभाई ग्रीसने माखून बाहेर आले. एवढे चेहरे पाहिले आणि पुन्हा मुके झाले. सलीमाने वायर काढली, फाळका लावला. टेम्पो पहिल्या किल्लीला सुरू झाला आणि टाळ्यांच्या गजरात गेटाबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या भाषणांना पेपरात कोपऱ्यातल्या चार ओळी मिळाल्या. वर मोठा फोटो होता: टेम्पोत कूलर आणि टेम्पोखालून बाहेर आलेले दोन पाय. दुपारपर्यंत पिंपळनेरच्या वसतिगृहाने अख्ख्या इमारतीचे कूलर सांगितले. आठवडाभरात रिकाम्या गोदामात प्रतिध्वनी यायला लागला. कारागीर परत आले, आणि येताना आणखी दोघांना घेऊन आले.

एका संध्याकाळी चहा पिताना सलीमाने मनातली शंका काढली. गिअर एवढा घट्ट अडकला होता, तो शेवटी सुटला कसा?

"तो तर तू वायर जोडत होतीस तेव्हाच सुटला," नासीरभाई म्हणाले.

"मग इतका वेळ खाली काय करत होता?"

नासीरभाईंनी बशीतला शेवटचा घोट सावकाश घेतला.

"मुलाखत देत होतो."