लाल गाडीचा खोकला

पंचवीस वर्षं फायली उपसल्यावर माणसाला एखादी हौस करावीशी वाटते. म्हणून हेडक्लार्कसाहेबांनी दोन सीटांची, लाल, बसकी आणि तीस वर्षं वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. बायकोने आधी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोघांत जास्त झिजलेलं कोण हे ठरेना, म्हणून ती गप्प बसली.

गाडी दिसायला झकास. फक्त फाटकाबाहेर शंभर पावलं गेली की खोकायची आणि आचके देत बंद पडायची. साहेब खाली उतरत, बॉनेट उघडत, एखादा प्लग काढून शर्टाच्या टोकाने पुसत आणि खिडकीतून हात घालून किल्ली फिरवत. इंजिन लगेच गुणगुणायला लागे. साहेब ऐटीत आत बसत. शंभर पावलांवर पुन्हा खोकला.

दुसऱ्या कुणाला यात काहीतरी गोम दिसली असती. साहेबांना स्वतःच्या हाताचा गुण दिसला. (ऑफिसात त्यांच्या हाताला लागलेली फाईल कायमची बंद पडायची, ती गोष्ट निराळी.) त्यांनी एक वही सुरू केली: तारीख, लक्षणं, उपाय. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर तीनदा पेट्रोलने धुतला. तिसऱ्या वेळी बायकोची नवी बादली वापरली, तेव्हा मात्र तिने तोंड उघडलं. रविवारपर्यंत गाडी सुधारली नाही तर आपला भाऊ येऊन ती घेऊन जाईल, असं तिने अगदी शांतपणे सांगितलं.

मेहुणा त्याच गाडीतून हॉर्न वाजवत घरावरून जाणार, या विचाराने साहेबांचं अन्नावरचं मनच उडालं. (म्हणजे तिसऱ्यांदा वाढून घेणं बंद झालं.) शनिवारी मुकाट्याने ते बायकोला शेजारी बसवून गाडी मेस्त्रीकडे घेऊन निघाले. वाटेत चार वेळा बंद पडली. पाचव्या वेळी साहेब उतरले, तशी बायकोच सरकून स्टिअरिंगवर बसली. उरलेला रस्ता गाडी लोण्यासारखी गेली. दवाखान्याच्या दारात दाढदुखी थांबते, त्यातलाच हा प्रकार, असं साहेबांनी तिला समजावलं.

मेस्त्रीने वही चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "इथवर कुणी आणली?"

"मी," बायको म्हणाली.

मेस्त्रीने डोकं खाजवलं. बायकोला सीटवर बसवून त्याने इंजिन चालू केलं. पाच मिनिटं गाडी घड्याळासारखी चालली. मग त्याने तिला उतरवून सीटवर ट्रकची एक बॅटरी ठेवली. चालू. दुसरी ठेवली. तरी चालू. मग बॅटऱ्या उचलून साहेबांना बसवलं. मिनिटभरात गाडी खोकली आणि बंद पडली.

मेस्त्रीने सीट उचकटली. पेट्रोल पंपाची वायर तिच्याखालून गेली होती. साहेब बसले की सीटची स्प्रिंग थेट वायरवर टेकत होती, पंप थांबत होता आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी जेमतेम शंभर पावलं जात होती.

साहेबांना हे पटेना. महिनाभराची विद्या अशी पाण्यात जाऊ द्यायची नव्हती. "मग प्लग पुसल्यावर चालू कशी व्हायची?"

"पुसायला तुम्ही खाली उतरायचात ना, साहेब."

गॅरेजमध्ये कुणी हसलं नाही. (बायकोला अचानक कॅलेंडरवरची तारीख जवळून बघावीशी वाटली.)

वायर हलवायला जागा नव्हती आणि या सीटची नवी स्प्रिंग मागवायला महिना लागणार होता. तोवर गाडी ठणठणीत आहे, असं मेस्त्रीने सांगितलं आणि कार्डावर निदान लिहून दिलं: 'इंजिन निर्दोष. मालक वीस किलोने कमी करावा.'

बायकोने ते कार्ड नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. उद्या येऊ नकोस, गाडी कुठेही जाणार नाही, असं भावाला फोन करून कळवलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते दार उघडून आपल्या जागेवर बसायला गेले, तर ती आधीच तिथे बसलेली. दुसऱ्या सीटवर तिने ती वही ठेवली होती.

"येताना निभावलं, पण त्या सीटचीही स्प्रिंग तशीच असेल, अहो," ती प्रेमाने म्हणाली. "तीनच किलोमीटर आहे घर. आणि कार्डावर लिहिलंय ते आजपासूनच सुरू करा."

गाडी निघाली. साहेब रस्त्याच्या कडेला तज्ज्ञासारखे कान देऊन उभे राहिले. वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ती एकदाही खोकली नाही.