धोपाटणं माळ्यावर गेलं तेव्हा

पंचवीस वर्षांपूर्वी मी बायकोला सुखी करायचं ठरवलं. (तिने तशी मागणी केली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.)

ती तेव्हा टेलिफोन कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोक येऊन तोंडसुख घ्यायचे आणि तिने फक्त "नोंद घेतली आहे" एवढंच म्हणायचं, असा साहेबांचा हुकूम होता. घरी आली की बाह्या सरसावून ती मागच्या दारी धुण्याच्या दगडाशी जायची. अर्धा तास धोपाटण्याचा दणदणाट चालायचा. मग हात पुसत, गुणगुणत आत यायची. पेपर वाचता वाचता मला तिची फार कीव यायची. (उठून एखादी बादली उचलावी इतकी नाही.)

शेवटी मी कपडे धुण्याचं मशीन आणलं आणि धोपाटणं माळ्यावर टाकलं.

"तिला विचारलंस का?" आईने विचारलं.

"सरप्राइज आहे, आई."

"कुणाला, ते कळेलच."

पंधरा दिवसांत बायकोची झोप उडाली. डोकं दुखायला लागलं. रिकामा झालेला अर्धा तास ती माझ्यासमोर बसून काढू लागली, आणि त्यात तिला माझे बरेच नवे दोष सापडले. मी मोठ्याने श्वास घेतो, हाही त्यातलाच एक. तिथवर ठीक होतं. पण एका संध्याकाळी कपबशी फुटली म्हणून ती हमसून हमसून रडली. "माझ्याने नाही होत हो आता. नोकरी सोडू का?" मी पार घाबरून गेलो. ती नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम काही?"

"छे, तिला वेळ कुठे होता?" उत्तर मीच दिलं. "रोज अर्धा तास धुणं बडवायची. मी मशीन आणून तिला सोडवलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तोच तिचा व्यायाम होता. दिवसभराचा ताण त्यातून उतरायचा. आता रोज अर्धा तास अंग हलू द्या. चाला, पोहा, काहीही करा."

आम्ही चालायला जाऊ लागलो. मी दर कोपऱ्यावर दम खायला थांबायचो. (तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, तुम्ही घरीच थांबलात तर माझा ताण जास्त उतरेल.) चौथ्या दिवशी कचेरीतून परतलो, तर मागच्या दारी दणदणाट चालू होता. आईने, अडुसष्टाव्या वर्षी, स्टुलावर चढून धोपाटणं काढून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी बायकोला हाका मारून उठवावं लागलं, तेव्हा मला खरंच भरून आलं. नोकरी तिने पुढे निवृत्त होईपर्यंत केली.

आता आई नाही, ते घरही नाही. फ्लॅटमध्ये कसला आलाय दगड? संध्याकाळ झाली की तो आवाज ऐकावासा वाटतो.

मशीन मात्र तेव्हाही वाया गेलं नाही. आईचे, मुलांचे, तिचे, सगळ्यांचे कपडे त्यातच जायचे. दगडावर यायचे फक्त माझे. मी सुखावलो होतो. एकदा लाडात येऊन विचारलं, "माझेच का गं हाताने धुतेस?"

माझा शर्ट पिळत ती म्हणाली, "साहेबांचे घरी आणता येत नाहीत ना."