ताम्हाण्यांचा ट्रेलर

मुंबईत लग्न व्हायला वर, वधू आणि खोली अशा तीन गोष्टी लागतात. त्यांपैकी पहिल्या दोन अधूनमधून मिळतात. आमच्या चिंचपोकळीच्या मुरकुटे चाळीतल्या रघुवीर ताम्हाण्याजवळ त्या दोन्ही होत्या. वर तो स्वतः, फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून. वधू दादरच्या हेरंबराव प्रधानांची ललिता. पत्रिका जुळल्या होत्या, आणि दोघं संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शेंगदाणे खात बसतात हे दोन्ही घरांना माहीत असूनही कोणी हटकत नव्हतं, इतका मामला पुढे गेला होता. अडलं होतं ते खोलीपाशी.

ताम्हाण्यांच्या एका खोलीत आई आनंदीबाई, दोन थोरले भाऊ, दोन वहिन्या आणि मुलं राहत. रघुवीर गॅलरीत झोपे. हेरंबराव एकदा येऊन ती गॅलरी बघून गेले.

"माझी मुलगी गॅलरीत नांदायची नाही," ते म्हणाले. "तुम्ही खोली दाखवा, मी मुहूर्त दाखवतो."

रघुवीरने मुंबईत खोली शोधली, म्हणजे चपला झिजवल्या. शेवटी त्याला डिस्पोजलच्या लिलावात लष्कराचा एक जुना ट्रेलर मिळाला. चार चाकं, बंद पेटी, बाजूला दोन खिडक्या, मागे दार. महायुद्धात त्यात वायरलेसवाले बसत. युद्ध संपून दहा वर्षं झाली तरी ही वस्तू आपल्याकडे आहे हे लष्कराच्या ध्यानात नव्हतं. ध्यानात आल्यावर त्यांनी ती ताबडतोब विकली.

लष्कराच्याच गाडीने तो चाळीशेजारच्या गणपत मिस्त्रीच्या गॅरेजात आणून सोडला आणि दुरुस्ती सुरू झाली. गंजून एकजीव झालेले स्प्रिंगांचे पाटे निघाले, ॲक्सलमध्ये नवं ग्रीस भरलं, टपावरच्या एरियलच्या भोकांना पत्र्याची ठिगळं बसली. मग ललिता शिंप्याची टेप घेऊन आली आणि खरं काम सुरू झालं. वायरलेसच्या मांडणीत पितळेचे डबे बसले. बॅटरीच्या पेटीत तांदूळ ठेवायचं ठरलं. नकाशे पसरायचं टेबल भिंतीला बिजागऱ्यांनी जोडून त्याचा पलंग केला, आणि सगळी बटणं काढून घेतलेला स्विचबोर्ड देव्हारा झाला. सगळ्या ट्रेलरला आतून फिका पिवळा रंग दिला. तो दिल्या दिवशी ललिता दारात उभी राहून म्हणाली, "रघू, इथे कपाट. आणि इथे मी." रघुवीरने लगेच खडूने दोन्ही जागांवर खुणा केल्या.

गॅरेजच्या मागच्या दाराने सगळ्यांनी ढकलून ट्रेलर चाळीच्या पटांगणात आणून उभा केला, आणि दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या वॉर्डातले इन्स्पेक्टर अच्युतराव कोठारे छत्री घेऊन हजर झाले. कोठारे गिरगावातल्या जुन्या घरातले, सभ्य गृहस्थ. त्यांनी आवाज कधीही चढवला नाही.

"चाकं आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग हे वाहन. वाहनात संसार थाटता येत नाही."

"आणि चाकं काढली तर?"

"मग ही इमारत. विनापरवाना. पाडावी लागेल."

रघुवीरचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. ते म्हणाले, "मात्र चालत्या वाहनात मुक्काम करायला हरकत नाही. लष्करातले करतच होते. वाहन चालतं आहे हे दिसलं पाहिजे, एवढंच. एकदा माझ्यासमोर लालबागच्या नाक्यापर्यंत नेऊन दाखवा. 'चालू स्थितीतील वाहन' असा शेरा मारतो, मग खुशाल राहा."

नियम इतका सोपा असल्याचं ऐकून चाळीने कोठाऱ्यांना चहा पाजला. लष्करी ट्रेलरची कडी मुलकी लॉरीच्या आकड्यात बसत नाही हे गणपतने सांगितलं, तेव्हाही कोणी घाबरलं नाही. पंधरावीस माणसं लावून ढकलू, त्यात काय.

पण ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. शहरात जमावबंदी होती. रस्त्यावर पाच माणसं एकत्र दिसली की तो बेकायदा जमाव ठरे. चौकीतल्या फौजदारांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "चारजण ढकला की. कोण नाही म्हणतंय?"

चारजणांनी ढकलून पाहिलं. ट्रेलरने त्यांची दखल घेतली नाही.

"मग आणखी एक वाट आहे," फौजदार म्हणाले. "लग्नाची वरात आणि अंत्ययात्रा, या दोहोंना सूट आहे. कितीही माणसं आणा."

रघुवीर धावत दादरला गेला. वरात काढली की ट्रेलर हलेल, हलला की शेरा मिळेल, शेरा मिळाला की खोली होईल. हेरंबरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वरातीनंतर खोली."

"हो."

"आणि वरात लग्नानंतर."

"हो."

"आणि लग्न खोलीनंतर. हे आपलं ठरलंय. प्रधानांच्या घरात शब्द फिरत नाही, रघुवीरराव."

त्या संध्याकाळी चाळसमितीची सभा झाली. अध्यक्ष कोंडीरामभाऊ. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, आता निवृत्त. हाताखाली माणसं नसल्यामुळे त्यांना चैन पडत नसे.

"वरात कटाप," कोंडीरामभाऊ म्हणाले. "मग ऱ्हवला काय?"

सगळ्यांनी रघुवीरकडे पाहिलं. रघुवीर मात्र हळूच भिंतीकडे सरकला.

"इतक्या तोंड पाडूक काय झाला रे? तुका खराच मराचा नाय. लालबागपर्यंत पडान ऱ्हव, साहेब चाका बघतलो, मागे फिराचा. झाला."

ठराव एकमताने मंजूर झाला. मयताचं मत नोंदवण्याची प्रथा नसल्यामुळे रघुवीरचं विचारलं नाही. ललिताला सगळं आटोपल्यावर सांगून टाकू, असं त्याने स्वतःशी ठरवलं. आनंदीबाईंना रडायची विनंती केली. त्या म्हणाल्या, "चांगला धडधाकट पोरगा माझा, रडू कशाला?" आणि पिठलं टाकायला निघून गेल्या.

शनिवारी दुपारी यात्रा निघाली. नकाशाच्या टेबलावर, म्हणजे पलंगावर, रघुवीरला पांढऱ्या चादरीत निजवलं होतं. उशाशी कोंडीरामभाऊ पंख्याने वारा घालत होते. आम्ही चाळकरी ढकलत होतो. बाजूने कोठारे छत्री धरून चालत होते आणि त्यांची नजर चाकांवरून ढळत नव्हती. आत कोण आहे असं वाटेत एकाने त्यांना विचारलं. "तो माझ्या खात्याचा विषय नाही," ते म्हणाले.

लालबागला पोचलो तेव्हा गिरण्यांची पाळी सुटली होती. शेकडो माणसं थांबली. कोण गेलं, असं पुढून कोणीतरी विचारलं. मागून कोणीतरी उत्तर दिलं, चळवळीतला पोरगा होता. हे उत्तर देणाराला रघुवीर माहीत नव्हता, पण त्या दिवसांत चिंचपोकळीहून येणारा तरुण मयत दुसरा कोण असणार, असं त्याला वाटलं. टोप्या उतरल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कोठाऱ्यांनी शेरा मारला आणि सौजन्याने म्हणाले, "आता मागे फिरा."

मागे फिरायला आम्ही ट्रेलरला हातही लावू शकत नव्हतो. तो आमच्याकडून निघून गेला होता. हजार हातांनी तो परळच्या रस्त्याला लागला, घोषणा सुरू झाल्या, आणि ताम्हाण्यांचा रघुवीर गेल्याची बातमी आमच्या आधी दादरला पोचली.

परळच्या नाक्यावर गर्दी दुभंगली आणि ललिता खिडकीशी आली. मी खिडकीजवळच होतो, म्हणून मला ते ऐकावं लागलं. ती मोठ्याने रडली नाही. "रघू, कपाट आणलंय रे," एवढंच म्हणाली. आत रघुवीरची बोटं हलली. कोंडीरामभाऊंनी ती चादरीखाली दाबून धरली.

"उठलंस तर मयत नाय," ते कानात म्हणाले. "मयत नाय तर ह्यो बेकायदा जमाव. हजार माणसा आत जातली, रघू. तुझ्यापायी."

रघुवीर पडून राहिला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पाहून गर्दीतल्या एका म्हातारीने जमिनीला कपाळ टेकलं.

मग हेरंबराव ट्रेलरच्या दांडीवर चढले. त्यांना भाषणाची सवय नव्हती, पण समोर माणसं बघून ती लागली. "मी याला खोली मागत होतो," ते म्हणाले. "मी करंटा. आज सगळा महाराष्ट्र या मुलाची खोली आहे." टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना, म्हणून त्यांनी घोषणा दिल्या. घोषणांमुळे शिट्ट्या वाजल्या, लाठ्या दिसल्या, आणि पळापळ झाली. त्या गोंधळात मयत मागच्या दाराने उतरलं, गल्लीबोळांतून चिंचपोकळीला आलं आणि पिठलंभात जेवलं.

रिकामा ट्रेलर बघून शहराने एकच निष्कर्ष काढला: प्रेत पोलिसांनी पळवलं. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी इन्कार केला. त्यामुळे खात्री पटली.

ट्रेलर वाजतगाजत चाळीत परत आला. स्मारक समिती स्थापन झाली. चाकं काढून खाली सिमेंटचा चौथरा बांधायचं ठरलं. आम्हांला वाटलं, कोठारे अडवतील. ते दुपारीच आले, परवानगी दिली आणि स्वतः हार घातला.

रघुवीर त्यांना गाठून म्हणाला, "साहेब, मी जिवंत आहे."

"आनंद आहे," कोठारे म्हणाले.

"मग मला आत राहू द्या."

"ही वास्तू कोणाच्या नावाने आहे?"

"माझ्याच."

"मग आपल्या नावाचा मान आपणच राखायला नको का?"

तिकडे दोन दिवस दादरचे रस्ते बंद असल्यामुळे रघुवीरचा निरोप पोचलाच नव्हता. ललिता तिसऱ्या दिवशी आनंदीबाईंच्या समाचाराला आली, तो नळावर रघुवीर अंगाला साबण लावत होता. तिने आधी त्याला हातातली पिशवी फेकून मारली. मग तिथेच ओल्यात बसून पुष्कळ वेळ रडली, आणि उठून थेट दादरला गेली.

"बाबा, तुम्ही हजार माणसांत म्हणालात, सगळा महाराष्ट्र त्याची खोली. मग आता अडलंय कुठे?"

प्रधानांच्या घरात शब्द फिरत नाही. देवळात, बॅंडशिवाय, लग्न लागलं. वराच्या जाहीर निधनामुळे आमंत्रणं काढता आली नाहीत. जोडपं गॅलरीत राहू लागलं. आम्ही शेजाऱ्यांनी त्यांच्या एकांताची फार काळजी घेतली. रात्री गॅलरीतून जाताना प्रत्येकजण मोठ्याने खाकरत असे.

गॅलरीच्या बरोबर खाली ते स्मारक. फिका पिवळा रंग, पलंग, देव्हारा, आता पंखासुद्धा, आणि आत कोणी नाही. एका रविवारी संध्याकाळी हार बदलायच्या निमित्ताने ललिता आणि रघुवीर आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. फार वेळ नाही. ललिताचं हसू मात्र बाहेर ऐकू आलं. लग्नानंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

रस्त्याने एक सुशिक्षित गृहस्थ चालले होते. स्मारकापाशी नेहमीप्रमाणे त्यांनी चपला काढून हात जोडले होते. आतून जिवंत माणसांचा आवाज येतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं, भावना दुखावल्या, आणि ते आल्या पावली वॉर्डात जाऊन कळवून आले. स्वतःचं नावही सांगितलं नाही, इतका निःस्वार्थीपणा. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं. ते आजही आहे.

अशा जागरूक नागरिकाचा जाहीर सत्कार करावा असा आमच्या समितीचा ठराव आहे. वर्णन सगळ्यांना माहीत आहे: मध्यमवयीन, चष्मा, वाचनाची आवड, बोलण्यात सभ्य, कोणाचं वाईट न चिंतणारे. ते आपणच असाल तर कृपया संकोच करू नये. शाल आणि नारळ आणून ठेवला आहे.